आमची वाटचाल: ओझरच्या विमानांमागचा अंबडचा गाळा

बाबा नाशिकजवळ ओझरला, एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात फिटर होते. मिग विमानं बांधायला १९६४ साली तो कारखाना आला आणि आमचं शिक्षण, बहिणींची लग्नं, नाशिकचं घर, सगळं त्या पगारावर झालं. १९९८ मध्ये मी अंबड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेऊन एक जुना लेथ टाकला. दहा-अकरा वर्षं गाड्यांचे सुटे भाग केले.

१४० सुखोई लढाऊ विमानं भारतात बांधायचा करार २००० सालचा; ती बांधायची होती ओझरलाच. त्यातलं काम आमच्यापर्यंत पोचलं २००९ मध्ये: ॲल्युमिनियमचे ४० ब्रॅकेट, तेही एका मोठ्या पुरवठादाराकडून जॉबवर्कने. त्यातले ११ रिजेक्ट झाले. चूक आमचीच, कडांची बर (कापल्यावर राहणारी धारदार कोर) नीट निघाली नव्हती. पुढे प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर (धातू कोणत्या ओतीचा, तो क्रमांक), प्रत्येक मापाची नोंद, विमान उद्योगातलं एएस ९१०० हे गुणवत्तेचं सर्टिफिकेट, हे जमवण्यात तीन वर्षं गेली. कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन घेतलं. पाचाचे बावीस जण झालो. सातपूरचा हीट ट्रीटमेंटवाला, प्लेटिंगवाला, टेम्पोवाला, पोरांना डबा देणाऱ्या मावशी, सगळ्यांचं काम आमच्याबरोबर वाढलं.

२०२० च्या सुमारास सुखोईची ऑर्डर संपत आली, त्यात करोना. पोरं विचारायची, "साहेब, संरक्षणाचं बजेट तर वाढलंय, मग आपलं काम कुठे गेलं?" म्हणून मी आकडे वाचायला लागलो. २०२५-२६ चंच बघा: एकूण ६.८१ लाख कोटी, त्यात पेन्शन सुमारे १.६१ लाख कोटी आणि नव्या खरेदीसारखा भांडवली खर्च १.८० लाख कोटी. पगार-पेन्शनचा पैसा साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या फौजी गावांत दर महिन्याला पोचतो, वाण्याची उधारी त्यावर फिटते. आमचा पैसा मात्र ऑर्डरबरोबर येतो आणि ऑर्डरबरोबर जातो. बजेट किती, यापेक्षा दोन ऑर्डरींमध्ये किती वर्षं रिकामी जातात, यावर आमच्यासारख्यांचं जगणं ठरतं. तेरा जणांना कामावरून कमी करावं लागलं. आमचा सगळ्यात हुशार सेटर, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारा, चाकणला गेला. काम आल्यावर फोन केला, पण तो परत आला नाही. असा हात तयार व्हायला सहा वर्षं लागतात.

डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान उडालं. त्या दिवशी गाळ्यात पेढे वाटले. आज सतरा जण आहोत. निम्मं काम विमानांचं, निम्मं द्राक्षबागांच्या फवारणी यंत्रांचं, आणि हे फवारणी यंत्रांचं काम मी सोडणार नाही.

दुसऱ्या व्हीएमसीचं कोटेशन टेबलावर आहे. ब्रॅकेट किती आणि कोणत्या सालापर्यंत, हे पुरवठादाराने लेखी दिलं की सही करणार.