ड्रॉइंगमध्ये नसलेला पाइप

चाकणच्या एका मोठ्या कार कारखान्यात मी प्रोसेस इंजिनिअर आहे. ऑडिटच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एक ठरलेलं काम असतं: लाइनवर ड्रॉइंगबाहेरचं जे काही दिसेल ते उचलून नजरेआड करायचं. यंदा ते माझ्या वाट्याला आलं. खोका घेऊन निघालो, बघता बघता भरला. हाताने वाकवलेले हुक, सायकलची ट्यूब चढवलेले पाने, आणि पीव्हीसी पाइपचा तिरका कापून कडा घासलेला एक तुकडा.

"मामा, हे काय?" मी लाइनवरच्या कामगाराला विचारलं.

"ग्रॉमेट बसवायला, साहेब."

वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, केबिनमधून इंजिनकडे जातो, त्या भोकात हे रबरी ग्रॉमेट बसतं. त्याची कड जराशी दुमडली तरी शॉवर टेस्टला गाडीत पाणी येतं. एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, म्हणते, अंगठ्याने दाबा. शिफ्टभर दाबून अंगठा सुजतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या गाड्या गळायला लागतात. मामांनी पाइप टेकवून गर्रकन फिरवला. कड चारी बाजूंनी बसली. याच गळतीवर आम्ही वर मीटिंगा घेत होतो, रबर पुरवणाऱ्या व्हेंडरला फैलावर घेत होतो!

सूचनापेटीत मात्र हा पाइप कधी आला नाही. तिथे माणशी महिन्याला एक कायझेन, म्हणजे सुधारणेची सूचना, हे टार्गेट, त्यामुळे 'डस्टबिनला पिवळा रंग द्यावा' असले कागद भरभरून येतात.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला फ्रीमाँटची गोष्ट हमखास सांगतात. जनरल मोटर्स, म्हणजे जीएमचा कॅलिफोर्नियातला हा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत 'नम्मी' म्हणून पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, पण चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा मिळाली आणि गाड्यांचा दर्जा पालटला. पुढचा भाग सहसा सांगत नाहीत: तीच रीत आपल्या बाकीच्या कारखान्यांत रुजवायला खुद्द जीएमला वर्षानुवर्षं लागली. दोरी काय, कुणीही विकत आणेल. आमच्याकडेही आहे. ओढली की पहिला प्रश्न येतो, "कोणी ओढली रे?"

ऑडिट उरकल्यावर पाइप नायलॉनमध्ये रीतसर करून घ्यावा म्हणून मी कायझेनचा फॉर्म घेऊन मामांकडे गेलो. सूचकाच्या रकान्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाव नको, साहेब. उद्या कशानेही गाडी गळाली तरी मलाच बोलावतील."

मी तिथे 'टीम' लिहिलं. मॅनेजरची सही अजून व्हायची आहे.