सेलवालं आहे, म्हणूनच आवडतं

घड्याळं जमवणाऱ्या मंडळींत क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळाचं नाव काढलं की नाकं मुरडतात, "ह्या, सेलवालं!" म्हणतात आणि विषय संपतो. मला हे कधीच पटलेलं नाही. चावीच्या एचएमटी जनतावर माझाही जीव आहे, पण लग्नकार्याला हातात चढतं ते बाबांचं नव्वदच्या दशकातलं टायटन. सोनेरी केसिंग, पांढरी डायल, बारीक रोमन आकडे आणि सेकंद काटाच नाही.

हे सेकंद काटा नसणं मला फार आवडतं. ती टकटक उड्या मारणारी काडी गेली की डायल एकदम निवांत दिसते, नुसते दोन काटे आणि भरपूर मोकळी जागा. शिवाय घड्याळ इतकं पातळ की फुल शर्टाची बाही बटण लावल्यावरही त्यावरून अलगद सरकते. चावीच्या घड्याळात स्प्रिंगचा डबा, बॅलन्स व्हील, चक्रांवर चक्रं, हे सगळं पातळ करायचं म्हणजे भारी कारागिरी लागते आणि किंमतही तशीच, आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. क्वार्ट्झमध्ये सेल, कॉइल आणि मोजकी चक्रं शेजारी शेजारी बसवता येतात, त्यामुळे साध्या नोकरदार माणसालाही असं देखणं पातळ घड्याळ घेता आलं, आणि हेच मला सगळ्यात मोठं वाटतं.

आत काय चालतं तेही बघा ना. चिमट्याच्या आकाराचा क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, सर्किट त्या आकड्याचे निम्मे करत जातं, १५ वेळा निम्मे केले की उरतो बरोब्बर १, म्हणजे सेकंदाला एक ठोका! चावीचं घड्याळ दिवसाला जेवढं मागेपुढे होतं तेवढं हे साधारण महिन्याला होतं. याला आत्मा नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला कधीही तयार आहे.

आपल्याकडे क्वार्ट्झ घरोघरी नेण्याचं श्रेय टायटनलाच. १९८४ मध्ये टाटा आणि टिडको ही तमिळनाडू सरकारची उद्योग विकास संस्था यांनी मिळून कंपनी काढली, होसूरला कारखाना टाकला, आणि सगळा देश चावी देत असताना कंपनीचे पहिले प्रमुख झर्क्सिस देसाई यांनी क्वार्ट्झवर डाव लावला. पुढे २००२ मध्ये टायटनचंच एज नावाचं घड्याळ आलं, अख्खं घड्याळ ३.५ मिमी आणि आतलं मशीन फक्त १.१५ मिमी! मशीन होसूरच्याच लोकांनी बनवलेलं. याचा अभिमान वाटायलाच पाहिजे.

घरात असं एखादं बंद पडलेलं असेल तर आधी जुना सेल काढून घ्या, आतच राहिला तर पाझरतो आणि सर्किट खातो, मग सेलच्या पैशात काम भागत नाही. चांगल्या घड्याळवाल्याकडून सिल्व्हर ऑक्साइडचा सेल टाकून घ्या, स्वस्तातला अल्कलाइन नको. विकत घेताना पट्ट्याजवळचे कोपरे बघा, सोन्याचं पाणी तिथेच आधी उडतं आणि खालचं पितळ दिसायला लागतं. थोडं उडालेलं असलं तरी मी घेतो, पण डायलला ओल लागून डाग पडलेले असतील तर नाही घेत. आणि पट्टा साधा काळा लेदरचाच लावा, पातळ, नाहीतर सगळी नजाकत जाते.