तुम्ही विचारलंत म्हणून: हात इतके गार का?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या निफाडला रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं. तिळगूळ देताना बोटाला बोट लागलं की समोरची बाई दचकते. "अगंबाई, हात किती गार तुमचे! बरं नाही का?" दर जानेवारीत निदान दहा जणी विचारतात. दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे.

आधी निफाडची थंडी बाजूला काढू. इथे पारा चार-पाच अंशांवर उतरतो, रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा थंडीत हात गार पडणं हे शरीर नीट काम करत असल्याची खूण आहे. हृदय, मेंदू, पोटातले अवयव ३७ अंशांच्या आसपास ठेवायचे म्हणून शरीर हातापायांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि ऊब आत राखतं. शेकोटीजवळ थोडा वेळ बसलं, चहा घेतला की बोटं पुन्हा मोकळी होतात. त्याची काळजी करू नये.

माझे पाय मात्र मे महिन्यातही गार असायचे. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे. घरात सगळ्यांचं एकच, "तुझी प्रकृतीच वाताची." मीही ते मान्य करून पायमोजे घालून झोपत राहिले. अडतिसाव्या वर्षी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं, तेव्हा हिमोग्लोबिन ८.२ निघालं. बाईचं ते निदान १२ तरी हवं. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी पडलं की शरीर आधी आतल्या अवयवांचं बघतं, बोटांची पाळी शेवटी येते. आणि ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. हळदीकुंकवाला आलेल्या निम्म्या जणी! हे आठवलं की मला आजही राग येतो, कारण निदानाला साधी रक्ततपासणी पुरते आणि तीच आपण वर्षानुवर्षं पुढे ढकलतो.

माझ्या रक्तक्षयाचं मूळ पाळीतल्या अतिरक्तस्रावात होतं. त्याचे उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि तिच्या किंवा जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. हिमोग्लोबिन भरल्यावरही आणखी तीन महिने गोळ्या घेतल्या, शरीरातला साठा भरून यावा म्हणून. अळिवाचे लाडू, नाचणी, पालेभाज्या हे सगळं खावंच. पण ८ वर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या लाडवांनी वर येईल या भरवशावर बसू नका. त्याच वेळी थायरॉइडही तपासून झालं. माझं ठीक होतं. जाऊबाईंचं मात्र कमी निघालं. त्यांना सारखी थंडी वाजायची, वजन वाढत होतं आणि आवाज जड झाला होता.

रक्त भरलं, पाय पुष्कळ सुधारले. तरी एक गोष्ट उरली, तीच तुम्हाला दिसते. सकाळी गार पाण्याची बादली उचलली की माझी दोन-तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी होतात, जणू कुणी तिथे रेघ ओढली आहे. मग ती निळसर पडतात आणि रक्त परतताना लाल होऊन ठणकतात. हे कॉलेजपासून व्हायचं, पण सगळ्यांचंच होत असेल असं मला वाटे. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला रेनॉचं नाव आहे. थंडीने किंवा मनावरच्या ताणाने बोटांच्या रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. बहुतेकींचं माझ्यासारखं साधं असतं. पण चाळिशीत पहिल्यांदाच सुरू झालं, बोटांच्या टोकांना जखमा होऊ लागल्या, कातडी ताठरली, सांधे दुखू लागले, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. त्यामागे ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मा असू शकतो. या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. रक्तदाबाच्या आणि अर्धशिशीच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना विचारा, गोळी मनाने बंद करू नका.

मी काय करते? भांडी रबरी हातमोजे घालून घासते, फ्रीजमधलं दूध फडक्याने धरून काढते. नुसते हात झाकून भागत नाही, अंग उबदार हवं, म्हणून पहाटे कानटोपी आणि आतून लोकरी बंडी. बोटं पांढरी पडली की हात खांद्यापासून गोल फिरवते किंवा कोमट पाण्यात धरते. कढत पाण्यात कधीच नाही.

हा शेवटचा नियम आम्ही फार महागात शिकलो. माझ्या आईला वीस वर्षांचा मधुमेह. एका हिवाळ्यात ती रोज म्हणू लागली, "पाय नुसते बर्फ झालेत गं." मी हात लावला तर पाय चक्क गरम. मला वाटलं, वय झालं, तिला भास होतो आहे. एका रात्री तिने गरम पाण्याची पिशवी तळव्याला लावून झोप काढली. सकाळी टाचेवर मोठा फोड होता आणि तिला काहीच कळलं नव्हतं. ती जखम भरायला अडीच महिने लागले. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून "लागतंय का?" विचारलं. बऱ्याच ठिकाणी ती गप्प राहिली. मधुमेहाने नसा खराब झाल्या होत्या, त्याच तिला खोटा गारवा कळवत होत्या. त्यात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू, जेवण शाकाहारी, त्यामुळे नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्वही तळाला गेलेलं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला पिशवी, शेगडी, शेक काहीही लावू नका. सैल सुती मोजे घाला आणि रोज तळवे बघा.

तंबाखूबद्दल थोडक्यात सांगते, कारण पुरुषांचे गार पाय बऱ्याचदा तिथून येतात. आमच्या शेजारच्या काकांचा उजवाच पाय गार असायचा, चालताना पोटरीत गोळा यायचा. बिडीने रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. एकच पाय गार असेल तर थांबू नका. तो अचानक पांढरा पडून असह्य दुखू लागला तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

आईचे पाय आता रोज रात्री तपासले जातात. माझ्या गार हातांना ते नेहमीच गरम लागतात, म्हणून ते काम माझ्या लेकीचं. ती आजीच्या पायाशी बसते, दोन्ही तळवे आपल्या हातात धरते, टॉर्चने बोटांच्या बेचक्या बघते आणि मला स्वयंपाकघरात ओरडून सांगते, "दोन्ही सारखेच आहेत."