पावाच्या कापांमधला कागद

नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमला आले त्या पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या खणात मला कागदांचा एक गठ्ठा सापडला. पातळ, तुकतुकीत, पावाच्या कापाएवढे तुकडे. त्यातल्या एकावर मी वाणसामानाची यादी लिहायला घेतली, तर शाई धरेना.

मोहोल्ट या विद्यार्थी वसाहतीत आम्ही चौघी एका स्वयंपाकघराच्या वाटेकरी. कागद होते समोरच्या खोलीतल्या मुलीचे. ती अस्सल नॉर्वेजियन. नाव लिहीत नाही, आपल्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्यात हे कळलं तरी ती आठवडाभर अवघडून बसेल. नोव्हेंबरात सकाळी सातला बाहेर मिट्ट काळोख असतो. तेव्हा ती पावाचे चार काप मांडायची, त्यांना लोणी लावायची, त्यावर चीजचा पापुद्रा ठेवायची आणि कापावर काप रचताना मध्ये एकेक कागद घालायची. एकाचं चीज दुसऱ्याच्या बुडाला चिकटू नये म्हणून. या कागदाला खास नाव आहे, मेल्लोमलेग्सपापीर. चळत गुंडाळली की झाला ‘मातपाक्के’. ‘मात’ म्हणजे अन्न, ‘पाक्के’ म्हणजे पुडकं. थोडक्यात आपला डबाच, फक्त त्यात डबा नाही आणि भाजीही नाही.

पावावर जे जे ठेवता येतं, चीज, मासा, काकडी, त्या सगळ्याला मिळून इथे एकच शब्द आहे, ‘पोलेग’. इंग्रजीत याला शब्दच नाही, असं ती जरा अभिमानाने म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे आहे, तोंडीलावणं. फक्त आमचं ताटात डाव्या बाजूला गुपचूप बसतं, तुमचं पावाच्या छातीवर.

आईला हे सगळं व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

“रोज तेच खाते?”

“रोज तेच.”

“गरम काहीच नाही?”

“दुपारी नाही. गरम जेवण चार-पाच वाजता.”

आई जरा वेळ गप्प बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “घरी कोणी नाही का गं तिला?”

तिला घरी सगळे आहेत. हा डबा आबाळीचा नाही, शिस्तीचा आहे. पूर्वी ऑस्लोच्या शाळांत गरीब मुलांना शिजवलेलं जेवण मिळायचं. कार्ल शोत्स नावाच्या आरोग्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते बदलून 1930च्या दशकात थंड न्याहारी आणली. कोंड्यासकट पिठाचा पाव, दूध, गाजर नाहीतर फळ आणि वर कॉड माशाच्या यकृताचं तेल. पुढे शाळांची न्याहारी मागे पडली, पण पाव घराघरातून पुडक्यात बांधून शाळेत येतच राहिला. आता प्राध्यापकही अकराच्या ठोक्याला तेच पुडकं सोडतात. कोणी कोणाच्या पुडक्यात डोकावत नाही. ‘बघू, तुझ्या डब्यात काय आहे’ हे वाक्य मी इथे एकदाही ऐकलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला याच गोष्टीने एकटं वाटायचं.

चीज कापायचं हत्यार मात्र मला बघताक्षणी आवडलं. 1925 साली लिलेहामरच्या टूर ब्योर्कलुंड नावाच्या सुताराने आपल्या रंध्यावरून ते बेतलं. नावातही रंधाच आहे, ‘ओस्तेहोवेल’, म्हणजे चीजचा रंधा. लाकडाची साल निघावी तसा चीजचा पापुद्रा निघतो. माझ्या हातून मात्र चीजची वडी एका बाजूने उतरती व्हायची, अगदी स्कीच्या उतारासारखी. शेजारीण काही बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी वडी सपाट झालेली दिसायची.

ती वडी तपकिरी. ‘ब्रूनोस्त’. चीज काढल्यावर उरलेली निवळ, जी आपण पनीर केल्यावर फार तर कणकेत घालतो, ती इथे तासन्‌तास आटवतात. दुधातली साखर करपायच्या बेतात येऊन तपकिरी होते. 1863 मध्ये गुडब्रान्सडालमधल्या आन्ने होव या मुलीने त्यात साय घालून पाहिली, तेव्हापासून त्याला आजची चव आली. मी साताऱ्याची. पहिला पापुद्रा जिभेवर ठेवला आणि वाटलं, कोणीतरी कंदी पेढ्यात मीठ घातलंय. (2013च्या जानेवारीत उत्तरेकडच्या एका बोगद्यात 27 टन ब्रूनोस्त नेणारा ट्रक पेटला आणि ती आग कित्येक दिवस विझेना. साखर आणि स्निग्धांश. दुसरं काय होणार!)

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, “तूरला येतेस?” तूर म्हणजे भटकंती, आणि रविवारी दुकानंही बंद, त्यामुळे नाही म्हणायला कारणच नसतं. ट्रोंडहाइमची ट्राम जगातली सगळ्यात उत्तरेकडची. ती डोंगर चढत लियानपर्यंत जाते. तिथून पुढे जंगल, गोठलेलं तळं आणि गुडघाभर बर्फ. तासाभराने तिने पाठपिशवीतून फोमचे दोन तुकडे काढले. बर्फावर बसताना बुडाखाली घ्यायचे. एक माझ्यासाठी आणला होता.

तिने चळत सोडली. मी पोळ्यांचे रोल काढले. गूळ संपला होता, म्हणून पोळीला तूप लावून आत ब्रूनोस्त घालून आणलं होतं. तिने रोलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“लेफ्से,” ती म्हणाली.

तिची आजी लेफ्से करते. परातीएवढ्या तव्यावर, लांब पट्टीने उलटून, आत लोणी, साखर, कधी हेच तपकिरी चीज, आणि मग गुंडाळी.

“तू कोणाकडून शिकलीस?”

“आजीकडून.”

“कुठल्या? मूरमूर की फारमूर?”

‘मूर’ म्हणजे आई, तर मूरमूर म्हणजे आईची आई. वडिलांची आई ती फारमूर. आपण दोघींनाही आजीच म्हणतो हे तिला जरा बेशिस्त वाटलं असावं. मी म्हटलं, “मूरमूर,” आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. मग बर्फात बसून तिला मुरमुरे म्हणजे काय, भेळ म्हणजे काय, हे समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली.

तेवढ्या वेळात माझा दुसरा रोल तिने न विचारता संपवला. मग एकदम लक्षात येऊन ती कानापर्यंत लाल झाली आणि आपल्या चळतीतला एक काप काढून माझ्या हातावर ठेवला, कागदासकट. मी खायला लागले. कागद तिने परत मागून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.