कोकोच्या बागेतलं मूल

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘चॉकलेट खाणं सोडलं, तर घानातली मुलं कोकोच्या बागांतून सुटतील का?’ हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतोच. उत्तर सरळ आहे: नाही. उलट अडकतील.

घानातल्या कोकोच्या बागा बहुतेक लहान, घरच्या घरी सांभाळलेल्या. अनेक ठिकाणी मालक गावात नसतो, बाग ‘अबूसा’ पद्धतीने दिलेली असते: राबणाऱ्याला उत्पन्नाचा एक हिस्सा, मालकाला दोन. चॉकलेटची मागणी घटून कोकोचा भाव पडला की या एका हिश्शातून गड्याची मजुरी भागत नाही. मग गवत काढायला स्वतःचाच पोरगा येतो, कारण त्याच्या हाताला मजुरी द्यावी लागत नाही. आपल्याकडच्या ऊसतोडीचं गणित ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

कायदा नाही असंही नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार सगळ्यांत आधी, 1990 मध्ये, घानानेच मंजूर केला. 1998 च्या बालक कायद्यात कामाचं किमान वय 15, हलक्या कामाचं 13 आणि धोक्याच्या कामाचं 18 आहे. रात्री 8 ते सकाळी 6 मुलांना कामाला लावायचं नाही. तरीही 2018-19 च्या हंगामातल्या पाहणीत घाना आणि कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) मिळून कोकोच्या कामात सुमारे 15 लाख 60 हजार बालकामगार निघाले.

पण बागेत मूल दिसलं म्हणजे गुन्हा झाला, असं नव्हे. पाहायचं ते काम. तोडलेल्या शेंगा गोळा करणं, फोडलेल्या शेंगेतून गर काढणं, प्यायचं पाणी आणणं, शाळा सांभाळून एवढं चालतं. कोयत्याने शेंगा फोडणं, झाडावर चढून बांडगूळ छाटणं, आकडीने उंचावरच्या शेंगा पाडणं नाही चालत. ओझ्याचा नियम म्हणजे, लांब पल्ल्याला डोक्यावर शरीराच्या वजनाच्या 30 टक्क्यांहून जास्त नको. तीस किलोच्या मुलीला नऊ किलो. ओल्या बियांची टोपली याच्या पुढे सहज जाते. फवारणीच्या वेळी मूल आसपास असणंसुद्धा धोक्यातच धरतात, नुसता पंप हातात नाही म्हणून भागत नाही. हीच गोष्ट पालकांना पटायला सगळ्यांत जड जाते.

आता देखरेख, म्हणजे कोणतं मूल बागेत काय काम करतं यावर लक्ष ठेवणं. गावातलाच प्रशिक्षित माणूस घरोघरी जाऊन 5 ते 17 वयाच्या मुलांची नोंद करतो. काम धोक्याचं निघालं, तर घरची अडचण बघून मदत ठरते: जन्मदाखला, शाळेचं साहित्य, एकचाकी ढकलगाडी किंवा गवत काढायला मोठ्या माणसांची टोळी. यातली टोळी सर्वांत कामाची, कारण ती मुलाच्या हातातलं कामच उचलते. दप्तर मिळालं म्हणून गवत वाढायचं थांबत नाही.

घोळ होतो तो विचारण्यात. बापासमोर विचारलं की मूल ‘नाही’ म्हणतं. त्याला बाजूला घ्यावं, ‘काम करतोस का’ऐवजी ‘काल शाळेतून आल्यावर काय काय केलंस’ विचारावं, नडगीवरचे कोयत्याचे वण बघावेत. मुलांची यादी शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या सभासदांवरून केली, तर सभासद नसलेल्या अबूसावाल्यांची मुलं तिच्यात येतच नाहीत. आणि लागोपाठ दोन भेटींत मूल धोक्याच्या कामावर आढळलं नाही की त्याचं नाव यादीतून वगळतात; तेव्हा त्या दोन भेटींतली एक तरी ऑक्टोबरनंतरच्या मोठ्या तोडणीत पडली होती का, एवढं तपासून घ्यावं.