तुम्ही विचारलंत म्हणून: गिरणीच्या रिकाम्या शेडचं करायचं तरी काय होतं?

कधीमधी रविवारी मी लोकांना मुंबईच्या लालबाग-परळमध्ये फिरवतो, आणि एखाद्या जुन्या कापडगिरणीची चिमणी दाखवली की कोणीतरी विचारतंच, अहो पण १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, मग त्या पडक्या शेडचं करायचं तरी काय होतं? विचारणारा बहुतेक वेळा गिरणीच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये कामाला असतो, म्हणून तिथल्या तिथे वाद घालत नाही, भर उन्हात तर नाहीच. इथे लिहितो.

एक तर सगळ्या शेड पडक्या नव्हत्या. पत्रे उडालेले, भिंतीत पिंपळ, पण सांगाडा ठणठणीत, कारण शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडायचे ते सोसायला बांधलेलं बांधकाम ते. आणि छप्पर बघा, करवतीच्या दातांसारखं, प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन अंगावर येत नाही पण उजेड दिवसभर सारखा, तुटलेला धागा दिसायला पाहिजे ना. चित्रं काढायला, तालमीला, पोरांना अभ्यासाला यापेक्षा चांगली जागा आज कोणी बांधून देणार नाही.

माझे वडील साचेखात्यात होते, आधी बदली कामगार, मग परमनंट. त्यांच्या मिलच्या शेडमध्ये दुकानं आली तेव्हा त्यांना दाखवायला घेऊन गेलो, तर दारात वॉचमन म्हणाला, बाबा, कोणाकडे जायचंय? आत गेलो तर बाबा दुकानं बघेचनात, नुसते वर बघत उभे. म्हणाले, काचा बुजवल्या काय रे? वर एसीचे पाइप आणि खोटं छत. भरदुपारी आतले सगळे दिवे चालू.

तेव्हा जुनी शेड मुंबईत वापरली नाही असं कोणी म्हणू नका, वापरली, झकास वापरली. फिनिक्स मिलची चिमणी तिथल्या मॉलमध्ये अजून उभी आहे. लक्ष्मी मिलच्या आवारात 'जीफाइव्हए' नावाच्या संस्थेने जुन्या गाळ्यात छोटं थिएटर केलंय, तेही चांगलं चाललंय. माझं म्हणणं वेगळंय, खिशात हात न घालता तासभर टेकता येईल अशी किती शेड उरली?

ब्राझीलच्या साओ पाउलोत पिंपं बनवायचा एक बंद कारखाना होता, पोंपेया भागात. मी गेलेलो नाही, फोटो आणि नकाशेच बघितलेत, पण बघताना जीव जळतो. लीना बो बार्डी नावाच्या आर्किटेक्ट बाई १९७० च्या दशकात तिथे जागा बघायला गेल्या तर शनिवारी आत पोरं फुटबॉल खेळतायत, घरची मंडळी खाणंपिणं करतायत. बाईंनी ठरवलं की हे जे चाललंय ते असंच चालू राहिलं पाहिजे, आणि कारखाना पाडलाच नाही. विटांच्या शेडमध्ये वाचनालय, वर्कशॉप, थिएटर, बसायला मोठ्ठी मोकळी जागा, आत एक वळणं घेत जाणारं पाणी आणि शेकोटीसुद्धा. खेळाचे काँक्रीटचे मनोरे मागाहून झाले. हे चालवते सेस्क नावाची संस्था, आणि तिला पैसा येतो व्यापारी कंपन्यांच्या पगारपत्रकावर बसवलेल्या दीड टक्का सक्तीच्या वर्गणीतून. म्हणजे भाडं काढायसाठी कॉफी विकत बसायला नको. त्याचा पहिला भाग उघडला १९८२ साली. आपल्याकडे त्याच वर्षी जानेवारीत अडीच लाख कामगार संपावर गेले.

बरं, आपल्याकडे नियम नव्हता असंही नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक वाटा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल केला, की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून जी मोकळी होईल ती धरायची नाही. आता गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळी शेडच. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा बदल कायम ठेवला आणि विषय मिटला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं पालिका कित्येक वर्षं म्हणतेय. होऊ दे, पण काचेच्या पेटीत साचा ठेवला की झालं असं व्हायला नको, कारण गिरणगावात नुसतं सूत निघत नव्हतं, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकरांचं लाल बावटा कलापथक इथेच गाजलं, कवी नारायण सुर्वे इथलेच, भजनी मंडळं तर चाळीगणिक.

आमच्या चाळीतलं मंडळ अजून आहे, सरासरी वय पासष्ट असेल. तालीम जिन्याखाली, पखवाज लावला की पहिल्या मजल्यावरचं बाळ उठतं, मग त्याची आई खाली येते, मग दहा मिनिटं तालीम बंद. गेल्या महिन्यात शेजारच्या टॉवरच्या क्लब हाऊसमध्ये जागा मागितली तर म्हणाले मेंबर लागतो, आणि तालमीचं तासाचं भाडं ऐकून बुवांनी टाळ पिशवीत घातले.