गरम झाली की बंद पडणारी आरएक्स

"मामा, सकाळी एका किकमध्ये चालू होती. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की पिकअप सोडती अन् बंदच पडती. सावलीत उभी केली की परत चालू."

मे महिन्यात जालना-परभणीकडच्या गॅरेजांत यामाहा आरएक्स या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं हे गाऱ्हाणं रोजचं, आणि त्यावरचं उत्तरही ठरलेलं: कार्बोरेटर साफ करून टाकू. मग कार्बोरेटर उतरतो, जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) तार घातली जाते, एअर स्क्रू इकडून तिकडे फिरतो. तोवर इंजिन थंड झालेलं असतं, त्यामुळे गाडी चालू होते आणि श्रेय कार्बोरेटरला जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तार घातल्याने जेटचं भोक मोठं झालं, ते दुखणं वेगळंच.

यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे अगदी शेवटची गाडीसुद्धा आता तिशीची. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम तीस वर्षं आरामात काढतं, पण क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील, कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर आणि कॉइलमधली केसासारखी तार तेवढी टिकत नाही. थंडपणी ठीक आणि गरमपणी खराब असं दुखणं असेल तर कार्बोरेटरचा नंबर शेवटी लावावा.

तपास गाडी बंद पडलेल्या जागीच करायचा, कारण घरी आणेपर्यंत पुरावा थंड होतो. गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. हुश्श करून हवा आत गेली आणि दोन मिनिटांत गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. काळ्या मातीची धूळ आणि पेट्रोलचा चिकटा मिळून तिथे पुट्टी भरल्यासारखं होतं. टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल खाली येत नाही. झाकण रॉकेलने धुवा, भोकातून हवा मारा, खर्च शून्य.

झाकण ठीक असेल तर लगेच स्पार्क बघा. डिकीत एक जादा प्लग आणि २१ चा प्लग पाना हवाच. इंजिनातला प्लग आहे तिथेच राहू द्या, जादा प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या फिनला टेकवा आणि किक मारा. निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी आली तर करंट चांगला आहे. नारिंगी, बारीक, मधेच गायब होणारी असेल तर संशय एचटी कॉइल (प्लगला करंट पुरवणारी) आणि पॉइंटच्या कंडेन्सरवर. कॉइलवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा. त्यावर ठिणगी परत आली, तर आतली तार गरम झाल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर जुळते आहे. अशा कॉइलला दुरुस्ती नाही, बदलाच.

कंडेन्सर खराब असेल तर मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) खिडकीतून पॉइंट, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणारी जोडी, बघताना मोठी पांढरी ठिणगी दिसते आणि पॉइंटचे तोंड काळं-खडबडीत झालेलं असतं. पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.३० ते ०.४० मिमी ठेवायचा. इथे एक गोष्ट फार मिस्त्री विसरतात: गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंगही पुढे सरकतं, ठिणगी वेळेआधी पडते. "गॅप जरा जास्त ठेवला की पिकअप येतो" म्हणून ठेवलेली गाडी बेचाळीस डिग्रीच्या उन्हात हेड तापवते आणि शेवटी पिस्टनला भोक पाडते. पॉइंटला पॉलिश पेपर मारू नका, त्याची रेती तोंडात अडकते. बारीक कानस मारा आणि नंतर पेट्रोलमध्ये बुडवलेली लग्नपत्रिकेची पट्टी मधून ओढा. मॅग्नेट काढायचा असेल तर पुलरनेच. हातोडीने काढला तर क्रँक वाकडी.

स्पार्क चांगला आहे, मग पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरपासून काढून बाटलीत धरा. (इंजिन तापलेलं आहे, पेट्रोल त्यावर सांडू देऊ नका.) फुल रेसला हे इंजिन मिनिटाला साठेक मिली पेट्रोल पितं, त्यामुळे मिनिटात दीडशे मिली तरी पडायला हवं. धार बारीक असेल तर टाकीखालचा कॉक खोला, त्याची जाळी गंजाने भरलेली सापडेल. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि जुने पाइप, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगतं किंवा विरतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

इथवर सगळं ठीक निघालं तर खरा चोर बहुतेक वेळा हवा असते. टू-स्ट्रोकचं इंजिन आपल्या क्रँककेसमधून श्वास घेतं. पिस्टन वर गेला की खाली निर्वात होतं, रीड व्हॉल्व्ह (पातळ पट्टीची एकदिशा झडप) उघडतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. त्याच वेळी क्रँकचा डावा, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचा सील कडक झालेला असेल, तर कार्बोरेटरला न विचारता हवा आत शिरते. मिश्रण कोरडं होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. रेस सोडली तरी इंजिन पटकन खाली येत नाही, स्लो कधी वर कधी खाली होतो, प्लग पांढरा पडतो. उजवा, क्लचच्या बाजूचा सील गेला तर उलटं: गिअर ऑइल आत ओढलं जातं, गाडी धुराचे लोट सोडते, प्लग काळा-ओला होतो आणि गिअर ऑइलची पातळी दर आठवड्याला खाली जाते. या दुसऱ्या गाडीला लोक "टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं 2T ऑइल) जास्त होतंय" म्हणून ऑटोल्यूब, म्हणजे इंजिनला आपोआप ऑइल देणारा पंप, काढून टाकतात, आणि रोग तसाच राहतो.

सील तपासायला इंजिन खोलावं लागत नाही. मेडिकलमधून हाताने दाबायच्या बीपी मशीनचा फुगा आणि घड्याळ घ्या. सायलेन्सर काढून एग्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर लोखंडी पट्टी नट-बोल्टने आवळा. कार्बोरेटर काढून त्याच्या रबरात घट्ट बूच बसवा, बुचातून बारीक नळी काढा, क्लिप आवळा. ऑटोल्यूबची बारीक नळी बंद करा. प्लग जागेवर ठेवा आणि पिस्टन खाली आणून ठेवा, म्हणजे सगळे पोर्ट उघडे राहतात. आता फुगा दाबून काटा ३०० वर न्या. बीपीच्या घड्याळावरचे ३०० म्हणजे सहा पीएसआयला थोडं कमी, सीलला एवढा दाब पुरे. जास्त देऊ नका, चांगला सीलही उलटेल. काटा मिनिटभरात ५० पेक्षा जास्त खाली आला तर गळती आहे.

मग साबणाचं पाणी. आधी बूच आणि एग्झॉस्टच्या पट्टीवर टाका, कारण निम्म्या वेळा गळती आपण बांधलेल्या जागीच असते. नंतर कार्बोरेटरचं रबर, सिलिंडरच्या खालचं पॅकिंग, हेड, प्लगचा वायसर. मग मॅग्नेट काढून डाव्या सीलवर. उजव्या सीलसाठी गिअर ऑइल भरायच्या तोंडावर साबणाचा पडदा धरा. तो फुगून फुटला तर हवा गिअरबॉक्समध्ये जातेय. हा तपास तासाभराचा आहे, आणि तो न करता किट (ब्लॉक म्हणजे सिलिंडर, आणि पिस्टन) बदलणं म्हणजे नवा पिस्टन जुन्या गळतीला वाहणं.

ऑइलबद्दल दोन शब्द. ऑटोल्यूब पंप चालू असेल तर टाकीत ऑइल टाकू नका. पंप काढलेला असेल तर एका लिटरला ४० मिली, म्हणजे २५ ला १, मोजून. अंदाजाने बाटली उपडी करणाऱ्यांना वाटतं जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा. पण जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी जातं, मिश्रण कोरडंच होतं. पंप काढलेल्या गाडीला मांजरसुंबा घाट उतरतानाही जपावं लागतं: रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोलबरोबर ऑइलही बंद, पण इंजिन मात्र चाकाच्या ओढीने जोरात फिरत असतं. क्लच दाबून मधूनमधून रेस द्या.

चालता चालता मागचं चाक घट्ट होऊन घसटलं तर ते सीज आहे, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकलाय, करंटचं दुखणं नाही. क्लच दाबा, गाडी बाजूला घ्या, अर्धा तास किक मारू नका. नंतर सायलेन्सर काढून एग्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनवर उजेड टाका. उभे ओरखडे दिसले तर ब्लॉक उतरवायचाच. बोअर (सिलिंडरचं भोक) ०.२५ मिमीच्या पायरीने वाढतो, आणि लेथवाल्याला पिस्टन हातात देऊनच बोअर करून घ्यावा, नुसता नंबर सांगून नव्हे. बसवताना पिस्टनवरचा बाण एग्झॉस्टकडे, रिंगची तोंडं खाचेतल्या पिनेवर. पिन सोडून रिंग बसली की ब्लॉक खाली सरकवतानाच ती तुटते.